पाहुणेपट्टी

पळसबेट, ता. किनवट, जि. नांदेड
६ फेब्रुवारी १९८३

अक्का,

विरूपाक्षाचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली वाच.

तुझं कार्ड परवा मिळालं. एक चूक सांगतो, रागावू नकोस. तू पत्त्यात अजून जि. उस्मानाबाद लिहितेस. गेल्या ऑगस्टपासून मुरुड नव्या लातूर जिल्ह्यात आहे. राहतेस तू तिथे आणि सांगायचं मी, हे बरं दिसत नाही.

नोकरी लागली. सातवी नापास असलो तरी लक्ष्मणराव ठेकेदारांनी माझं अक्षर बघून मला ठेवलं. काम पावत्या फाडण्याचं. पैनगंगेच्या पात्रात मधोमध हे बेट आहे. बावीस घरं, सगळी भोयांची. यंदा दोन्ही बाजूंची धार आटली, नावा वाळूत पालथ्या पडल्या आहेत, माणूस चपला न भिजवता बेटावर येतो. पण बेटाच्या वरच्या टोकाला खडकात डोह आहे आणि त्याला जिवंत झरा आहे. आसपासच्या सात गावांत पाणी उरलं आहे ते एवढंच.

म्हणून ग्रामपंचायतीने जानेवारीत पाण्याच्या वापरावर नवा कर बसवला. बेटावरच्या घरांनी माणशी महिन्याचा कर द्यायचा. बाहेरून येणाऱ्याने घागरीमागे द्यायचा. आणि बेटावर कुणाकडे पाहुणा उतरला तर त्याच्या पाण्याचा रोजचा कर घरवाल्याने भरायचा. लोक याला पाहुणेपट्टी म्हणतात. ठरावात तसा शब्द नाही. वसुलीचा ठेका लक्ष्मणरावांचा. मी उतारावर, म्हणजे लोक जिथून पात्र ओलांडतात तिथे, पेटीवर बसतो. लक्ष्मणरावांची चार माणसं काठ्या घेऊन उभी असतात.

मंगळवारी पलीकडच्या तीरावरची एक बाई दोन घागरी भरून एकीचेच पैसे द्यायला लागली. म्हणाली, "दुसरी म्हशीची हाय. म्हशीला बी पट्टी हाय का?" ठरावात म्हशीचा उल्लेख नाही, म्हणून मी कागद काढून बघत होतो. तेवढ्यात काठी आली. घागरीवर घालायची होती, बोटांवर बसली. मग तिने दोन्हींचे पैसे दिले. पावती मी तिच्या पदराला बांधली, कारण तिची मूठ मिटत नव्हती.

तू महिनाभर येऊ का विचारतेस. कारण हवापालट, असं लिहिलं आहेस. अक्का, इथली हवा पालटण्यासारखी नाही. मी नागुबाई नावाच्या भोईण म्हातारीच्या पडवीत राहतो. स्वयंपाक माझा वेगळा. मासळीचा वास येतो, पण लिंगपूजेला तांब्याभर पाणी ती रोज न सांगता ठेवते. तू आलीस तर तुझा कर तिच्यावर बसेल आणि मागायला मीच बसलेला. जून निघू दे, मग बघू.

एक अडचण आहे, ती तूच सोडव. नागुबाईची लेक साखरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा संपत आला. ती घरची धरायची का पाहुणी? ठरावात लेकींबद्दल काही नाही. लक्ष्मणराव रोज विचारतात. तू लग्न होऊन गेलेली लेक आहेस, तुला रीत ठाऊक. तुझं उत्तर येईपर्यंत मी तिची ओळ कोरी ठेवतो.

तुझा
विरूपाक्ष

---

मुरुड, जि. लातूर (बघ, लिहिलं)
२० फेब्रुवारी १९८३

चि. विरूपाक्षा, अक्काचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. उजव्या हाताला तवा लागला. डाव्याने लिहून राहिले.

नवा जिल्हा मला कळला नाही असं कसं होईल रे? या घरात दुसरं बोलणंच नाही. तुझे दाजी आठवड्यातून चारदा लातूरला जातात. कलेक्टरची कचेरी कुठे होणार, रस्ता कुठून निघणार, कुणाचं रान कुणी धरलं. आपल्या अप्पांची लातूरची जागा, जिथे अव्वा गोवऱ्या थापायची, तिला आता सोन्याचा भाव आला म्हणतात. ती तुझ्या नावावर आहे. मला भेटल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नकोस. तुला बाकी काही ऐकायचं नसलं तर ऐकू नकोस, एवढं ऐक.

लेक घरची का पाहुणी, असा मोठा पेच पडलाय म्हणे कारकुनाला! पाहुणीच की. लग्न झालं की माहेरी पाहुणी आणि सासरी परकी. पाहुणीला लोक विचारतात, कधी आलीस. लेकीला विचारतात, कधी जाणार. लिही बाबा, पाहुणीच लिही.

मी पाणी कमी पिईन. पडवीत जागा नसली तर दारात निजेन. सासूबाई रोज टोचतात, "तुझा भाऊ एकदा तरी बोलावतो का गं?" मी म्हणते, बोलावतो की. तेवढं एक खोटं खरं कर. "ये" असं एका कार्डावर लिहून टाक. ते दाखवून मला या घरातून निघता येईल. कार्ड नसलं तर पाय बाहेर टाकू देणार नाहीत.

अप्पा-अव्वा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू. तू पडवीत असलास तर माहेर पडवीत.

शिवकांता

---

मुरुड, जि. लातूर
२३ फेब्रुवारी १९८३

चि. विरूपाक्ष यांस रेवणसिद्धचा आशीर्वाद.

नोकरी लागल्याचं तुमच्या अक्काकडून कळलं. आनंद वाटला. तुमचं अक्षर मी चार लोकांना दाखवत असतो.

नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात मोकळ्या जागेवर कुणीही चार दगड मांडतो आणि मालक होतो. तुमच्या अप्पांची जागा मी राखतो आहे, पण कुणी अडवलं तर माझ्या हातात कागद पाहिजे. सोबत मुखत्यारपत्र पाठवलं आहे. शेवटच्या पानावर सही करून उलट टपालाने पाठवा. बाकीचं वाचायची तसदी घेऊ नका, सगळं वकिलाने बघितलं आहे.

तुमच्या अक्काचं चित्त अलीकडे थाऱ्यावर नसतं. काही वेडंवाकडं लिहिलं तर मनावर घेऊ नये. आम्ही समजावतो आहोत. आईसुद्धा समजावते.

आपला
रेवणसिद्ध

---

पळसबेट
४ मार्च १९८३

अक्का,

तुझं पत्र मागच्या शुक्रवारी मिळालं. लेकीबद्दल तू स्पष्ट लिहिलं होतंस, ते मी लक्ष्मणरावांना वाचून दाखवलं आणि साखराच्या ओळीत "पाहुणी" असं लिहिलं. ती आली त्या दिवसापासून कर लागला. पुढे काय झालं ते क्रमाने सांगतो.

रविवारी सकाळी मी पावती घेऊन नागुबाईकडे गेलो. लक्ष्मणरावांनी दोन माणसं बरोबर दिली. नागुबाई दारात जाळं विणत होती. मी म्हणालो, "मावशी, साखराची पट्टी द्यावी लागेल. ती पाहुणी आहे."

ती आधी हसली. "कोन पाव्हनी? हिची नाळ ह्या उंबऱ्याखाली पुरली हाय. तू कवा आलास रे हितं? पौषात. मंग पाव्हना कोन?"

मी म्हणालो, "माझी अक्कासुद्धा लेकच आहे. तिनेच लिहून पाठवलंय, लेक पाहुणी असते."

"तुझी अक्का असंल पाव्हनी. तिला कुनी दारात उभं करून घेत नसंल. माझी लेक माझी हाय."

मी पावती पुढे धरली. उत्तर लक्ष्मणरावांच्या माणसाने दिलं. "पट्टी न्हाई तर पाणी न्हाई," म्हणाला आणि घरात शिरून रांजणाला हात घातला. नागुबाईचा मुलगा रामकिशन मागच्या अंगणातून वल्हं घेऊन आला. त्याने त्या माणसाच्या खांद्यावर वल्हं हाणलं. दुसऱ्याने रामकिशनला कानामागे काठी मारली. तो पडल्यावर दोघांनी मारलं. बरगड्या मोडल्याचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. होतो. मग त्यांनी घरातल्या कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने रांजण फोडला. पाणी घरभर पसरलं. साखरा खाली बसून लुगड्याने ते पाणी टिपून पातेल्यात पिळायला लागली. त्या माणसाने तिला पायाने लोटलं. ती जात्यावर पोटावर पडली.

मी "थांबा" म्हणालो. मोठ्याने म्हणालो की नाही ते आठवत नाही.

तिला त्याच संध्याकाळी कळा लागल्या. मंगळवारी मुलगा झाला. रडला नाही. भोयांनी त्याला वाळूत पुरलं. मी जवळ गेलो तर सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले, म्हणून परत आलो.

नागुबाईने मला घालवून दिलेलं नाही. फक्त पाण्याचा तांब्या ठेवायचं बंद केलं. मी लिंग कोरड्या कापडाने पुसून पूजा करतो. मी नियमाप्रमाणे वागलो की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. त्यात "पाहुणीच" असं दोनदा लिहिलेलं आहे.

अशा वेळी तुला "ये" असं कार्ड कसं टाकू? इथे रक्त वाळूत मुरायला वेळ लागतो, वर माश्या बसतात. तुझ्या घरी निदान चार भिंतींत सुरक्षित आहेस.

दाजींचं पत्र आलं, फार आपुलकीचं. सोबतचा कागद बुधवारी सही करून पाठवला. तुला भेटल्याशिवाय सही करू नको असं तू लिहिलं होतंस, पण दाजी परके नव्हेत. तुझ्या हाताला भाजल्याचं त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांना कदाचित माहीत नसेल, सांग त्यांना.

विरूपाक्ष

---

मुरुड
१३ मार्च १९८३

विरूपाक्षा,

तुझं पत्र पोस्टमनकडून तुझ्या दाजींनी घेतलं आणि त्यांनीच मला वाचून दाखवलं. सही करू नको असं मी लिहिलं होतं, ही तुझी ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग सासूबाईंना म्हणाले, कडी लाव.

हाताला तवा लागला नव्हता. हात धरून तव्यावर ठेवला होता. भावाला सही करायला लिही म्हणत होते, मी लिहीत नव्हते. या वेळी सही आलेली होती, हाताचं काम संपलं होतं. मुसळ घेतलं. दोन दात गेले. डाव्या कानाने ऐकू येत नाही. सासूबाई दाराला पाठ लावून मोठमोठ्याने जप करत होत्या, म्हणजे गल्लीत माझा आवाज जाऊ नये. सगळी गल्ली म्हणते, गुरम्मा किती देवभोळी.

आणि ते बाळ. मी तुला रीत सांगितली नव्हती रे! मी माझं दुखणं लिहिलं होतं. तुला इतकं चांगलं वाचता येतं आणि तेवढं वाचता आलं नाही. त्या पोरीला सांग... नको. काही सांगू नकोस. आपण दोघांनी मिळून जे केलं ते सांगून कमी होणार नाही.

जागा गेली, माझं काम संपलं. काल सासूबाई म्हणाल्या, "आड बी कोरडा पडला बघ, सुनेला उडी टाकायची सोय राहिली न्हाई." हसत म्हणाल्या. तुझ्या दाजींना उदगीरची मुलगी सांगून आली आहे, हेही कानावर आलं. चांगल्या कानावर.

आता तुझ्या कार्डाची वाट बघत नाही. तू हो म्हण, न्हाई म्हण, मी येते. हे पत्र दूधवाली पेटीत टाकेल. उत्तर पाठवू नकोस, पाठवलंस तर ते त्यांच्या हातात पडेल. लातूरहून नांदेड, नांदेडहून हिमायतनगर, तिथून इस्लापूर, पुढे विचारत विचारत. एवढं पाठ केलंय.

उतारावर तूच बसलेला असशील ना? मला बघून कागद काढू नकोस.

अक्का

---

मुरुड
२२ मार्च १९८३

विरूपाक्ष यांस,

तुमची अक्का काल सकाळपासून घरात नाही. अंगावरचे दागिने घेऊन गेली आहे. तुमच्याकडेच येणार, दुसरीकडे तिला कोण विचारतो?

मी सोमवारी २८ तारखेला जीप घेऊन येतो. तिला उतारावर आणून उभी करा. तुमच्या ठेकेदारांकडे माणूस पाठवून बोलणं केलं आहे. त्यांची हरकत नाही. बेटावरच्या लोकांना मध्ये पडू देऊ नका. लक्ष्मणरावांची माणसं कशी आहेत ते त्यांनी एकदा पाहिलं आहे म्हणतात.

तिला घरी आणल्यावर काय करायचं तो आमच्या घरचा प्रश्न आहे.

रेवणसिद्ध

---

पळसबेट
२६ मार्च १९८३

ती. दाजी यांस विरूपाक्षाचा नमस्कार.

आपलं पत्र आज मिळालं. हे पत्र आपण निघण्याआधी पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी उत्तर न देणं बरोबर नाही म्हणून लिहितो.

अक्का इथे आहे. बुधवारी दुपारी उतारावर आली. पायात चप्पल नव्हती. मी तिला आधी ओळखलं नाही, कारण तिने तोंडावर पदर धरला होता आणि पदर काढल्यावरही तोंड ओळखीचं नव्हतं. लक्ष्मणरावांच्या माणसाने विचारलं, "ही कोन?" मी म्हणालो, बहीण. "मंजे पाव्हनी," तो म्हणाला आणि पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी ते घेतलं नाही. त्याने माझ्या मुस्कटात मारली. माझ्या नाकातून रक्त आलं. अक्का म्हणाली, "पहिल्यांदाच खाल्लीस का? बस खाली. मान वर करू नकोस, रक्त घशात जातं. थोडं पाणी पी." ती हे सगळं अगदी सवयीने सांगत होती. दाजी, तेव्हा मला ती नऊ वर्षं तुमच्या घरात काय शिकली ते कळलं.

तिला नागुबाईकडे नेलं. त्या घरात साखराचं काय झालं ते तुम्ही माझ्या पत्रात वाचलंच आहे. मी खोटं सांगू शकलो असतो, पण खरं सांगितलं की लेक पाहुणी असते हे लिहिणारी हीच.

नागुबाई म्हणाली, "तू व्हय ती?"

अक्का म्हणाली, "हाव. मीच."

नागुबाई अक्काच्या हाताकडे बघत होती. साखरा आतून म्हणाली, "आय, तिला आत घे. बाई दारात उभी राहिलेली मला बघवंना." नागुबाई बाजूला झाली. "ये आत. ह्या शान्या कारकुनाला म्हनावं, तू भाईरच नीज."

चार दिवस अक्का साखराला अंघोळ घालते, साखरा अक्काच्या हाताला पाला बांधते. त्या आपसात काय बोलतात मला माहीत नाही. मी गेलो की थांबतात.

दाजी, तुम्ही येऊ नये. जागा तुम्हाला मिळाली आहे. ती परत मागणार नाही, तसं लिहून देतो. अक्काला मी पाठवणार नाही. मी भित्रा माणूस आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण पाठवणार नाही.

आपला
विरूपाक्ष

---

पळसबेट
२९ मार्च १९८३, सकाळ

अक्का,

हे पत्र नागुबाईच्या हाती पाठवतो. रामकिशन तुला पलीकडच्या तीरावर साखराच्या सासरी पोचवून परत आला, त्यानंतरच मी पोलिसांना निरोप धाडला. ते निघाले आहेत. तासाभरात येतील. मी द्यायचा जबाब लिहून ठेवला आहे. त्याची नक्कल खाली देतो, म्हणजे दोघांच्या सांगण्यात फरक पडणार नाही.

"काल सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास मयत रेवणसिद्ध हे दोन इसमांसह जीप वाळूत उभी करून बेटावर आले. ठेकेदाराची चार माणसं काठ्यांसह त्यांच्या पुढे होती. मयताने माझी बहीण शिवकांता हिला नागुबाईच्या घरातून केसाला धरून ओढत बाहेर काढलं व डोहाच्या कडेने नेलं. नागुबाई आडवी आली, तिला काठीने मारलं. रामकिशन याने फेकायचं जाळं ठेकेदाराच्या माणसांवर टाकलं. तिघे त्यात गुंतून पडले. भोयांनी त्यांना वल्ह्यांनी मारलं. मयताबरोबरचे दोन इसम जीपकडे पळाले. मी मयताच्या पायांना मिठी मारून 'दाजी, सोडा' असं म्हणालो. मयताने माझ्या छातीत लाथ घातली. त्यानंतर मी कडेचा दगड उचलून मयताच्या डोक्यात समोरून तीन वेळा मारला. मयत पाण्यात तोंडावर पडले. शिवकांता या वेळी बेशुद्ध होती."

हे पाठ कर. शेवटचं वाक्य विसरू नकोस.

जे झालं ते मी पाहिलं आहे. मी पाय धरून पडलो होतो. त्यांनी मला लाथ घालायला तुझे केस सोडले. तुझी सावली त्यांच्या पाठीवर आली. पहिल्या दगडाला ते नुसते थांबले. दुसऱ्याला गुडघ्यावर बसले आणि "शिवे" म्हणाले. मग तू तिसरा मारलास. ते पाण्यात पडल्यावर तू त्यांच्या पाठीवर बसून तोंड खाली दाबून धरलंस, नागुबाई येऊन तुला ओढेपर्यंत. पाणी गुडघाभरही नव्हतं.

घाव डाव्या बाजूला आहेत. तू मागून डाव्या हाताने मारलेस. समोरून उजव्या हाताने मारले तरी घाव तिकडेच बसतात. मी वाळूवर माणूस काढून दोनदा तपासलं आहे. भोयांपैकी कुणी बोलणार नाही. त्यांना विचारायला गेलो तर रामकिशन म्हणाला, "आमी तवा जाळं सोडवून ऱ्हायलो व्हतो, आमाला काय दिसतंय."

मी आजवर खोटं लिहिलं नव्हतं. हे पहिलं. पण त्यात एकही अक्षर खोडलेलं नाही, पोलिसांना शंका यायचं कारण नाही.

तू एक कार्ड मागत होतीस. मी पाठवलं नाही. पाठवलं असतं तर तू दाखवून निघाली असतीस, सगळे दात घेऊन आली असतीस. आता माझ्याकडून एवढंच होण्यासारखं आहे. नाही म्हणू नकोस.

जीप येताना वाळूत धूळ उडते तशी दिसते आहे. थांबतो.

विरूपाक्ष

---

पळसबेट
८ एप्रिल १९८३

चि. विरूपाक्षा,

तू नांदेडच्या तुरुंगात आहेस असं कळलं. हे पत्र तुला देण्याआधी तिथे कुणीतरी उघडून वाचेल, असं साखराचा नवरा म्हणाला. वाचू दे.

मी सोमवारी बेटावर परत आले. उतारावर आता कुणी बसत नाही. तुझी पेटी उलटी पडली आहे, त्यावर चढून बायका घागरी डोक्यावर घेतात. लक्ष्मणरावांची माणसं दवाखान्यात, ते स्वतः फरार की घरात लपलेले, कुणी काही सांगतं, कुणी काही. पंचायतीचा माणूस एकदा येऊन गेला, वसुलीचं पुढे बघू म्हणाला आणि दोन तांबे पाणी पिऊन गेला. साखराने त्याला विचारलं, तुमी कोन, घरचे का पाव्हने? तो पळाला. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग रडली.

तुझा जबाब वाचला. नागुबाईलाही वाचून दाखवला. चांगला लिहिला आहेस, कुठे अडखळायला होत नाही. तू माझ्यासाठी किती विचार केलास ते दिसतं. वाळूवर माणूस काढून बघितलास. वेडा.

पण त्यात मी बेशुद्ध आहे.

नऊ वर्षांत मी एकदाही बेशुद्ध पडले नाही रे. पडले असते तर सोपं गेलं असतं. हात तव्यावर होता तेव्हा नाही, मुसळ पडलं तेव्हा नाही. सगळं बघितलं, सगळं ऐकलं. आणि त्या दिवशी तर मी इतकी जागी होते की पाण्याखालच्या खड्यांचे रंग आजही सांगेन. त्यांनी "शिवे" म्हटलेलं मला ऐकू आलं होतं. ऐकून मी मारलं. ते तू तुझ्या नावावर लिहून घेतलंस. माझ्या बाजूने तुला काही करायचं होतं तर ते फेब्रुवारीत करायचं होतं. आता माझं केलेलं माझ्याकडे राहू दे.

मी उद्या ठाण्यात जाते. माझा चेहरा, हात, दात, सगळं त्यांना दाखवते. मग जे व्हायचं ते होईल. तू तिथे जास्त हुशारी करू नकोस. विचारलं तर खरं सांग, ते तुला जमतं.

नागुबाई सोबत येते म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही कशाला, तुम्ही तर मला ओढून बाजूला केलंत. माझा भाऊ तसंच लिहितो.

ती जाळ्याची गाठ मारत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या भावाला कायबी नीट दिसत न्हाई. आदी मी बी त्याला खाली धरलं व्हतं. मंग तुला वढलं."

तेव्हा उद्या आम्ही दोघी निघतो. ऊन चढायच्या आत वाळू ओलांडायची आहे.

शिवकांता